बिनभात्याची पेटी

गुणवंत मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात ते पॉलिश मारायचे. तांब्याला चकाकी कशी आणावी, एवढंच काय ते शिकवता आलं असतं. त्यांना मास्तर म्हणायचे ते पेटीमुळे. लांज्याकडच्या मंडळींनी नवघर रोडला भजन मंडळ काढलं होतं, त्यात श्रीपतीबुवा गायचे, शिवा पखवाज वाजवायचा आणि मास्तर पेटीवर. खरं तर कोकणातल्या भजनात बुवाच पेटी पुढ्यात घेऊन बसतो. पण श्रीपतीबुवांचा गळा जितका गोड तितकी बोटं दांडगी, पेटीला हात लावला की घरात कुणीतरी डबे पाडतंय असं वाटायचं. म्हणून पेटीची जागा वेगळी झाली, बुवांच्या डाव्या हाताला, आणि पुढे ती मास्तरांची झाली. गणपतीत ज्याच्या घरी भजन असेल तो यजमान आधी पेटीवर नारळ ठेवी आणि मग बुवांना हार घाली. तो नारळ मिळाला की मास्तर पुढच्या भाद्रपदापर्यंत उपाशी राहतील, असं त्यांच्या बायको मंदाकाकू म्हणत.

गेल्या दिवाळीनंतर मास्तरांना झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय हळूहळू माघारी आला, काठी टेकत घरातल्या घरात फिरण्याइतका. हात आला नाही. रोज सकाळी मंदाकाकू त्याला तेल चोळत आणि सदऱ्याच्या बाहीत घालत. आता दैवाची थट्टा बघा, उजवा हात ठणठणीत ठेवला. पट्ट्यांवर फिरणारी पाचही बोटं शाबूत. पण पेटीला वारा लागतो, आणि वारा घालतो डावा हात.

मंदाकाकूंनी भाता मारून पाहिला. मास्तर वाजवायचे आणि त्या शेजारी बसून पेटीला वारा घालायच्या. मास्तरांना जिथे सूर दाबायचा असेल तिथे काकू दम खात आणि जिथे हळू यायचं तिथे जोरात ओढत. थोड्या वेळात त्यांचा खांदा भरून यायचा.

"आणि घरात ठीक आहे ओ," त्या म्हणाल्या, "पण पुरुषांच्या मध्ये बसून मी भाता मारू काय? बायका काय म्हणतील."

मास्तर म्हणाले, "राहू दे."

पेटीवर चादर पडली. तिकडे मंडळात चुळबुळ सुरू झाली होती. नालासोपाऱ्याला एक पोरगा चांगली पेटी वाजवतो, त्याला गणपतीपुरता बोलवू, असं कुणीतरी काढलं. मास्तरांना हे सांगायचं कुणी, यावर बरंच घोडं अडलं, शेवटी शिवा येऊन चहा पिऊन सांगून गेला. 'गणपतीपुरता' म्हणजे काय ते मास्तरांना बरोबर ठाऊक होतं. आधीच्या पेटीवाल्याचा पाय मोडला तेव्हा ते स्वतः गणपतीपुरतेच बसले होते. एकदा जागा गेली की माणूस घरात बसतो, आणि घरात बसलेल्या माणसाला लोक भेटायला येतात, बोलवायला येत नाहीत. मास्तरांना बाकी कशाची भीती नव्हती. पुढच्या झटक्याचीही नव्हती. भीती होती ती या एका जागेची.

श्रावणात त्यांची मुलगी संजना मीरा रोडवरून आली ती एक चपटं खोकं घेऊन. तिच्या ऑफिसातल्या एकाला संगीताचा नाद लागला होता आणि सुटलाही होता, त्याच्याकडून तिने ते आणलं होतं. पोळपाटाएवढं काळं यंत्र. पुढच्या बाजूला पेटीसारख्याच पट्ट्या, पण लहान मुलाच्या बोटांच्या. वर खुंट्यांसारखी फिरवायची बटणं, एक छोटा पडदा, आणि खाली ओळीने सोळा चौकोनी दिवे.

"सिंथ म्हणतात ह्याला, पप्पा. ह्याला भाता नाय लागत. करंटवर चालतंय."

"पेटीचा आवाज येतो?"

"सगळे आवाज येतात. शोधायला लागतील."

तिने सोबत एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणला होता, तो जोडून दिला, आणि ट्रेनची वेळ झाली म्हणून गेली.

मास्तरांनी एका हाताने नमस्कार केला, यंत्राला कपाळ टेकवलं आणि षड्ज दाबला. आवाज आला, पण दाबल्यावर लगेच नाही. बोट उचलायच्या बेतात असताना आला. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. त्यांनी सरळ सा रे ग म वाजवून पाहिलं तर बोटं पुढे आणि सूर मागून रखडत. मास्तरांनी हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"हा पण चालला," ते म्हणाले.

मंदाकाकू पिठाच्या हातानेच बाहेर आल्या. काय झालं विचारलं तर सांगेनात. मास्तरांच्या मनाने घेतलं होतं की डोक्यातली नस आता उजव्या बाजूचीही गेली, आणि बोटांनी केलेलं कानांपर्यंत उशिरा पोचतंय. पुढचे काही दिवस ते चोरून उजव्या हाताची परीक्षा घेत राहिले. पाण्याचा जग उचलून बघ, सदऱ्याची बटणं लावून बघ, टिचकी वाजवून बघ. सगळं जमायचं. यंत्रापाशी बसलं की मात्र सूर मागेच. डॉक्टरकडे जावं तर तो काय सांगेल याची धास्ती. मंदाला सांगावं तर ती रडेल. झोप उडाली त्यांची.

रविवारी संजना आली तेव्हा त्यांनी तिला वाजवून दाखवलं आणि मान खाली घातली.

"पप्पा, तुम्ही ब्लूटूथवर वाजवताय अजून?" ती म्हणाली. "बिनवायरचा आवाज उशिराच येतो. माझीच चूक, मी वायर द्यायला विसरली."

तिने पर्समधून वायर काढून जोडली. मास्तरांनी पट्टी दाबली आणि सूर बोटाखालीच उमटला. मास्तर रडायला लागले. बायकोसमोर, पोरीसमोर, तोंड न झाकता. झाकायला एकच हात होता आणि तो पट्टीवर होता, तो त्यांना उचलायचा नव्हता.

त्यानंतर यंत्राशी ओळख व्हायला लागली, पण ओळख म्हणजे नुसता छळ. पडद्यावर इंग्रजी, तेही तोडून तोडून लिहिलेलं. संजनाने चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर मराठीत लिहून दिलं: 'लय', 'जाडी', 'नोंद', 'ठेव'. तरी एका बटणाची दोन दोन कामं. नुसतं दाबलं तर एक, आणि कोपऱ्यातलं शिफ्टचं बटण धरून दाबलं तर दुसरं. हे यंत्र करणाऱ्याने दोन हातांची माणसंच पाहिली असणार. मग मास्तर हाक मारायचे आणि मंदाकाकू भाजी चिरता चिरता येऊन शिफ्टवर बोट ठेवायच्या.

"धरलं?"

"धरलं. लवकर करा, कढईत तेल आहे."

पेटीचा आवाज त्यात नव्हताच. भोंग्याचे, घंटेचे, पाण्यात बुडल्यासारखे, परग्रहावरचे, सगळे आवाज होते. एक होता तो सर्दी झालेल्या बदकाचा. मास्तर त्यालाच धरून बसले. एक खुंटी फिरवली की त्याची चिरकी धार कमी व्हायची. दुसरी फिरवली की एका सुराचे दोन व्हायचे, आणि दुसरा किंचित बाजूला सरकवला की दोन्ही एकमेकांना घासून थरथरायचे. पेटीत खर्ज आणि नर असे दोन सूर एकदम बोलतात ते असंच. गोपाळकाल्याच्या सुमारास एका दुपारी त्यांनी शेजारच्या खोलीतून मंदाकाकूंचा आवाज ऐकला, "अहो, पेटीवरची चादर कुणी काढली?" मास्तर गालात हसले. चादर जागेवरच होती.

एक अडचण राहिली. झटक्यानंतर त्यांच्या अंगात पहिला दम नव्हता. अर्धा तास वाजवलं की बोटं जड व्हायची आणि द्रुत लय पेलायची नाही. भजन तर दीड-दोन तास चालतं. यावर तोडगा म्हणून संजनाने ते सोळा दिवे समजावून सांगितले. 'नोंद' दाबायचं, एकदा वाजवायचं, आणि मग यंत्र तेच वाजवत राहतं, थांबव म्हणेपर्यंत.

"तुम्ही दमलात की मशीन वाजवेल, पप्पा. ती दमत नाय."

पहिल्यांदा नोंदली गेली ती मास्तरांची बोट घसरून झालेली चूक. यंत्र ती चूक न लाजता गिरवत बसलं आणि थांबवायचं बटण सापडेना. शेवटी काकूंनी प्लग उपटला. मग एक चांगला लहरा, ठेक्याबरोबर फिरत राहणारी सुरावट, नोंदला, तो 'ठेव' न दाबल्यामुळे सकाळी गायब. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसे मास्तर पुन्हा बसले. सोळा दिवे म्हणजे भजनी ठेक्याची दोन आवर्तनं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना यंत्र जरा आपल्यातलं वाटलं. दादऱ्यासाठी दिवे बारावर आणायला मात्र नाकी नऊ आले. शिवाय यंत्राला एक खोड होती, प्रत्येक सूर ते खेचून बरोबर मात्रेवर बसवायचं. मास्तरांचा हात तसा नव्हता. अंतऱ्याला वर जाताना धैवतावर ते क्षणभर रेंगाळायचे आणि मग घाईने सा गाठायचे. ते रेंगाळणं यंत्र कापून टाकायचं. संजनाला विचारून, फोनवर फोन करून, त्यांनी ती खोडही बंद केली. आता रेंगाळलेलं रेंगाळलेलंच राहायचं. हात हुबेहूब त्यांचा.

आणि मग त्यांना हाव सुटली. एक लहरा झाला, दुसरा झाला, मग अभंगांचे मुखडे, गौळणीची चाल, गजराची उठावणी, शेवटची तिहाईसुद्धा. ऐन वेळी बोटं रुसली तर मंडळाची अब्रू जायला नको, म्हणून बुवा जे जे गातात ते सगळं त्यांनी त्या पोळपाटात भरून ठेवलं. कुठल्या बटणाखाली काय तेही चिकटपट्टीवर मंदाकाकूंकडून सुवाच्य लिहून घेतलं.

लयीचं तेवढं राहिलं होतं. भजनात लय चढत जाते, शिवा भुवई उडवतो आणि पेटी पुढे सरते. यंत्र भुवई बघत नाही. ते ठरल्या चालीने चालतं, पखवाज मरो की जगो. मास्तरांनी उपाय काढला. यंत्र वाजवत असलं की आपला हात मोकळा, मग त्या हाताने लयीची खुंटी फिरवायची, शिवाच्या भुवईबरोबर. ज्या हातासाठी एवढा खटाटोप केला तो आता खुंटी पिळायला बसणार होता, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पण जागेवर तर बसणार होता.

तालमीला बुवांनी तोंडात बोट घातलं. शिवा म्हणाला, "मास्तर, डोळे मिटले ना, तर तुमचाच हात." नालासोपाऱ्याच्या पोराचं नाव मग कुणी काढलं नाही.

गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी बुवांच्याच घरी भजन होतं, तळमजल्यावर. मास्तर भिंतीला लोड लावून आपल्या जागेवर बसले. बुवांच्या सुनेने नारळ आणला आणि यंत्रावर ठेवायला गेली, तर तो गडगडत सतरंजीवर. सगळे हसले, मास्तरही हसले, नारळ मांडीत घेतला. पहिले अभंग त्यांनी स्वतः वाजवले. बोटं जड झाली तेव्हा नोंद सुरू केली आणि खुंटी धरली. कोरसाला कळलंही नाही. शिवाने भुवई उडवली की मास्तर खुंटी सरकवायचे आणि अख्खी खोली पुढे झेपावायची. त्यांना वाटलं, देवाने एक हात नेला आणि हे दिलं, हिशेब फिटला.

पण रक्तदाबाच्या गोळीचा हिशेब राहिला होता. ती गोळी घेतली की लघवी थांबत नाही. गजर भरात आला आणि मास्तरांना उठणं भाग पडलं. त्यांनी बुवांकडे असहायपणे पाहिलं. बुवा गाता गाता मानेनेच म्हणाले, जा. शिवाच्या मेव्हण्याने धरून नेलं. एवढंसं अंतर, पण त्यांच्या पायाने जायला आणि यायला वेळ लागला. संडासात उभं असताना त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आता लय अडेल, आता शिवा हात थांबवेल. कुणी थांबलं नाही. परत आले तर दारातून दिसलं ते असं: बुवा डावा हात लांब करून खुंटी फिरवत होते. बरोबर फिरवत होते. फिरवणारच, लय तर त्यांच्याच गळ्यातून चढत होती. मास्तरांची जागा रिकामी होती आणि गजर जोरात चालला होता.

ते जाऊन बसले. बुवांनी आदबीने हात काढून घेतला. भजनानंतर सगळ्यांनी मास्तरांच्या पाया पडून वाखाणणी केली. बुवा तर मनापासून म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका. एवढं सोपं करून ठेवलंत तुम्ही." यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दशरथच्या घरी, जेसल पार्कला. दशरथ मंडळातला जुना टाळकरी, त्याचं घर चौथ्या मजल्यावर. संजनाने रिक्षा करून मास्तरांना आणि काकूंना आणलं. इमारतीच्या दारातच कळलं की लिफ्ट बंद पडलीय, दुरुस्तीवाला उद्या येणार. वर आरती आटोपली होती, माणसं खोळंबली होती आणि इथून मंडळाला आणखी एका घरी जायचं होतं.

"खुर्चीत घालून नेऊ," शिवा म्हणाला आणि खरोखरच खुर्ची आणायला धावला. पण जिना अरुंद, वळणावर खुर्ची तिरकी करावी लागणार. मास्तरांनी तीन-चार पायऱ्या स्वतः चढून पाहिल्या. पाय लटपटला आणि ते कठड्याला चिकटून उभे राहिले. संजनाने त्यांना कमरेला धरून खाली आणलं.

"पप्पा, नको. पडलात तर सगळंच जाईल."

बुवा जवळ आले. हे सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "मास्तर, तुम्ही इथेच वाऱ्याला बसा. आम्ही यंत्र घेऊन वर जातो. तासाभराचा तर प्रश्न. माझा हात बसलाय आता खुंटीवर."

सगळे मास्तरांकडे बघत होते. नाही म्हणता आलं असतं. माझ्याशिवाय ते वाजणार नाही, असंही म्हणता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं, आणि ते खोटं आहे हे सगळ्यात जास्त मास्तरांनाच माहीत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी उजव्या हाताने पिशवी पुढे केली.

"वायर आधी लावा," ते म्हणाले. "गौळण चौथ्या बटणाला आहे. तिहाईला निळं दाबायचं, शिवाने हात उचलला की. उशीर करू नका त्याला."

"नाय करत, मास्तर."

मंदाकाकू घुटमळल्या. "मी बसते तुमच्याजवळ."

"तू जा. दशरथची बायको हळदीकुंकवाला थांबली असेल. संजना, हिला ने, हिचा गुडघा दुखतो."

माणसं जिन्याने वर गेली. बोलणी मजल्यामजल्याने बारीक होत गेली. वॉचमनने आपली प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती, तीत मास्तर काठी मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने वरून पखवाजाची थाप आली आणि तिच्या मागोमाग पेटी.

मास्तरांनी कान दिला. सरळ सांगायचं तर ते वाट पाहत होते, कुठेतरी चुकावं, लय घसरावी, आणि कुणीतरी धावत खाली येऊन म्हणावं, मास्तर, तुमच्याशिवाय जमत नाही. असं देवाच्या दारात मनात आणू नये. आलं खरं. पण काही चुकलं नाही. बुवांनी लय सुरेख चढवली. अंतरा आला तेव्हा धैवतावर पेटी क्षणभर रेंगाळली आणि मग घाईने सा गाठला, अगदी जशी रेंगाळावी तशी. वरची माणसं त्यावर 'वा' म्हणाली. तो 'वा' मास्तरांनी खाली बसून ऐकला.

त्यांचा उजवा हात मांडीवर त्या सुरांबरोबर चालायला लागला होता. त्यांनी तो मुठीत आवळून धरला, तरी बोटं आतल्या आत हलत राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. कुणी बघणारं नव्हतं.

वॉचमन गेट लावून आला. उत्तरेकडचा म्हातारा माणूस, तोही मान वर करून ऐकत उभा राहिला.

"ऊपर पेटी कौन बजा रहा है, चाचा?" त्याने विचारलं. "हाथ बहुत अच्छा है."

"मैं," मास्तर म्हणाले.

वॉचमनने त्यांच्याकडे पाहिलं. काठीकडे पाहिलं, खुर्चीच्या कडेला लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं, ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा मऊ झाला.

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला. केबिनमध्ये जाऊन त्याने बाटलीतलं पाणी ग्लासात ओतून आणलं आणि त्यांच्या उजव्या हातात नीट धरवलं. मग वाकून, लहान मुलाला विचारावं तसं, हळूच विचारलं, "आपके साथ कोई है क्या, चाचा? घर का कोई?"

"हैं," मास्तर म्हणाले. "सब ऊपर हैं."